चौदा महिन्यांची हजेरी

"साबेरा शेख," मंजुषा मॅडमनी यादीतून मान वर न काढता नाव पुकारलं, आणि रांगेतल्या तिसऱ्या पोरीनं हात वर करून म्हटलं, "येस मॅडम." सिंधूच्या हातात सकाळच्या इंजेक्शनांचा ट्रे होता. तो पडला-बिडला नाही. अठरा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईच्या हातून ट्रे पडत नसतो. फक्त आपण कोणत्या बेडकडं निघालो होतो तेच ती साफ विसरली. सिरिंजांवर बेडचे नंबर टाकलेले होते, तिच्याच अक्षरात, आणि तरी त्यातला एकही तिला वाचता येईना. पोर किडकिडीत होती. नवाकोरा अ‍ॅप्रन तिच्या खांद्यावरून घसरत होता आणि त्यावर नेमप्लेट होती: साबेरा शेख, अधिपरिचारिका. प्लेटचा उजवा कोपरा तुटलेला होता. तो औषधांच्या कपाटाच्या दारात सापडून तुटला होता, सिंधूसमोरच, आणि तेव्हा खरी साबेरा म्हणाली होती, जाने दे आक्का, नाव तर पुरं वाचता येतंय ना.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. मंजुषा मॅडम म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या, मेट्रन. "अकरा वर्षं नोकरी झालेली बाई अशी पुटपुटते होय? साबेरा शेख!"

"येस मॅडम!"

आज अकरा वाजता पाहणी होती; रुग्णालयात सिस्टर पुरेशा आहेत का ते बघायला बाहेरची समिती येते. दर दोन वर्षांनी होते. संस्थेचं हे रुग्णालय नांदेडात आणि नर्सिंगचं कॉलेज लातूरला, त्यामुळं पाहणीच्या दिवशी लातूरहून पोरींची बस भरून येते. अहमदपूरला चहा, लोह्यापाशी कोणाला तरी ओकारी, आणि साडेआठला नांदेडात हजर. मग सोडून गेलेल्या सिस्टरांच्या नेमप्लेटा ड्रॉवरमधून निघतात आणि एकेका पोरीच्या अ‍ॅप्रनवर चढतात. कोणी सरकारी भरतीत लागलेली, कोणी हैदराबादला जास्त पगारावर गेलेली, कोणी नुसतीच कंटाळून भोकरला माहेरी जाऊन बसलेली. माणसं जात होती, यादीतून मात्र कोणी जात नव्हतं. बायकांच्या मेडिसिन वॉर्डाला यादीवर चौदा सिस्टर होत्या. खऱ्या, हाडामांसाच्या, पाच. त्या पाचांच्या तीन पाळ्या लावायच्या, कोणाचं लेकरू आजारी, कोणाची सासू, म्हणजे एका वेळी वॉर्डात एक, देवाची कृपा झाली तर दोन. बेड चाळीस. पेशंट आज सत्तेचाळीस; सातजणी खाली गाद्यांवर. पण पाहणीच्या दिवशी काय तो थाट! समिती पहिल्या मजल्यावर असली की पोरी पहिल्यावर, समिती लिफ्टमध्ये शिरली की पोरी मागच्या जिन्यानं दुसऱ्यावर, जिन्यातच नेमप्लेटा बदलून. मागच्या खेपेला एकीची धाप काही थांबेना, तर समितीतल्या बाईंनी तिला मायेनं सांगितलं, पोरी, दम्याची तपासणी करून घे. त्यावर साबेरा आणि सिंधु चादरींच्या लिनन रूममध्ये शिरून पोट धरधरून हसल्या होत्या. खोटं कशाला बोला, हसल्या होत्या. आपल्याला एवढं हसू कसं आलं, हे आता सिंधूला आठवेना.

मॅडम तिसऱ्या पोरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या कपाळाकडं बघितलं. "टिकली काढ गं. आज साबेरा शेख आहेस ना तू." पोरीनं नखानं टिकली उचकटली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून डाव्या हाताच्या पाठीवर चिकटवली. मग मॅडमनी तिच्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं, जरा विचार केला, आणि बांगड्या राहू दिल्या. सिंधूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती ट्रे घेऊन तशीच पुढं झाली.

"मॅडम, हिला दुसरं नाव द्या."

"का बरं?"

"कोणाचं बी द्या. साबेराचं नका देऊ."

मॅडमनी यादी तिच्यापुढं धरली. "सिंधूताई, ही ड्यूटी-लिस्ट तुमच्याच वॉर्डातून आली. तुमच्याच अक्षरात. मी नुसती वाचतेय." असं म्हणून त्या पुढच्या नावाकडं वळल्या.

आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं. वॉर्डाची इन्चार्ज सिंधु. महिनाअखेरीला पुढच्या महिन्याची ड्यूटी-लिस्ट करायची ती सिंधूनं. आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत नावं, चौकटीत सकाळ, दुपार, रात्र, ऑफ. चौदा महिन्यांपूर्वी अशाच एका लिस्टवर तिनं साबेराच्या नावापुढच्या एका चौकटीत दोन पाळ्या लिहिल्या होत्या, दुपार आणि लागून रात्र. रात्र खरं तर सिंधूची होती. पण त्या दिवशी लातूरहून आरतीचा फोन आला. आरती तिची एकुलती एक लेक, लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशाचा अभ्यास करत होती, आणि फोनवर रडत होती की आई तू ये, पुस्तक उघडलं की अक्षरं पळून राहिलीत, मला काहीच दिसत न्हाई. सिंधु फोन ठेवून भिंतीला टेकली तेव्हा साबेरा कापसाचे गोळे वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. म्हणाली, "जा गे आक्का. लेकरू बुलाता तो जाना. मैं करतूं डबल, मेरेकू क्या होता." आणि सिंधु गेली. कोणती आई गेली नसती? दुपारी दोनला चढलेली साबेरा सकाळी आठला सुटायची, ती सुटली दहाला, कारण सकाळची सिस्टर दुसऱ्या वॉर्डात ओढून नेली होती. वीस तास. सव्वादहाला देगलूर नाक्याकडं घरी जाताना तिची स्कूटी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. लख्ख ऊन होतं. रस्ता रिकामा होता. उभ्या ट्रॉलीवर जागं माणूस जाऊन धडकत नाही. सिंधु त्या वेळी लातूरला मेसमध्ये आरतीसमोर बसली होती आणि आरती चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होती. सिंधु तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायला सांगत होती आणि फोन वाजला. पुढं कित्येक दिवस तिला पोळीचा वास आला की उलटी व्हायची. संस्थेनं फलकावर शोकसंदेश लावला. त्यात एक वाक्य होतं, ड्यूटी संपल्यानंतर झालेल्या खासगी अपघातात. खासगी! जणू साबेरा कुठं हवा खायला निघाली होती.

पुढच्या महिन्याची लिस्ट करताना सिंधूनं ते नाव लिहिलं नव्हतं. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, नाव काढू नका, नाव काढलं की ती जागाच जाते, ठेवा, महिन्याभरात त्या जागी बाई देते. बरं, म्हणून सिंधूनं नाव ठेवलं. एक महिना झाला, दोन झाले. बाई काही आली नाही. तरी ती लिहीत राहिली, आणि हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, पण तिला ते लिहायला आवडू लागलं होतं. आपल्या नावाखाली साबेराचं नाव, जसं अकरा वर्षं असायचं तसं. चौकटी कोऱ्या ठेवून चालत नव्हतं, म्हणून ती साबेराला पाळ्या लावायची, आणि पाळ्या लावता लावता ऑफ द्यायची. दर जुम्म्याला ऑफ. ईदेला तीन दिवस. पाऊस लागला की रात्रीची पाळी काढून सकाळची. जिवंत होती तेव्हा जिला सलग दोन ऑफ कधी जमले नाहीत, भावाच्या निकाहला जी मेंदीच्या हातांनी ड्यूटीवर आली, तिला सिंधूनं मेल्यावर चार-चार ऑफ एका ओळीत दिले. असं करताना तिला बरं वाटायचं. आपण काहीतरी परत करून राहिलो असं वाटायचं. एकदा साबेराचा नवरा, खाजाभाई, आईला घेऊन आला होता, आईची साखर वाढली म्हणून. भिंतीवरची लिस्ट त्याच्या नजरेला पडली. तो जवळ गेला, बोट लावून ओळ शोधली, आणि बोट सरकवत सरकवत त्या दिवसाच्या तारखेवर आणून म्हणाला, "आज उसकू छुट्टी है." मग रडला. म्हणाला, "आक्का, तुम लोगां अब्बी बी उसकू भूले नहीं. अल्ला तुमकू अच्छा रक्खे." सिंधूला जमीन दुभंगावी असं झालं होतं. पण तिनं काय केलं? मान डोलावली. माणूस किती वेळा मान डोलावतो, त्याचा कोणी हिशेब ठेवत नाही म्हणून बरं.

इंजेक्शनं द्यायची राहिली होती. ती वॉर्डात आली. हात आपोआप चालू लागले, बी.पी.चा पट्टा, सलाईनची गती, अकरा नंबरचा ताप. डोकं मात्र त्या ड्यूटी-लिस्टवरच अडकून बसलं होतं. तिला एकाएकी सगळं उजेडात ठेवल्यासारखं दिसलं. आपण माया म्हणून जे लिहीत होतो त्यावर ह्या लोकांनी चौदा महिने वॉर्ड चालवला. साबेराची जागा भरलेली आहे, मग नवी बाई कशाला? चौदा जागांवर चौदा नावं आहेत, मग सत्तेचाळीस पेशंटांना एक सिस्टर असं कोण म्हणतं? गेल्या महिन्यात एकवीस नंबरची म्हातारी बाथरूमला जाताना पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि तिचा लेक सिंधूच्या अंगावर धावून आला, कुठं मेल्या होता तुम्ही? तेव्हा सिंधु वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईची उलटी धरत होती. कागदावर त्या वेळी वॉर्डात तिघी होत्या. एक सिंधु, एक हैदराबादला, आणि एक मातीत. आज पाहणी पार पडली की पुढची दोन वर्षं हे असंच, आणि दोन वर्षांत आणखी कोणीतरी सकाळच्या उन्हात झोपेत गाडी चालवत घरी जाईल. ते कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको. उरलेल्या पाचांतलीच कोणीतरी.

पण बोलायचं म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच. अठरा वर्षं झाली तरी नोकरी अकरा-अकरा महिन्यांची. ह्याच महिन्याच्या अखेरीला करार संपत होता, आणि नव्या करारावर सही करणारे हरिओम सर, संस्थेचे प्रशासक, आज नवा कोट घालून समितीच्या मागं-पुढं फिरत होते. मे महिन्यात आरतीची परीक्षा, दुसऱ्यांदा. घर सिंधूच्या नोकरीवर. आपलं तोंड आज उघडलं तर ते थेट आरतीच्या होस्टेलच्या दारावर जाऊन आदळेल, एवढं साधं होतं ते. तिनं स्वतःला बजावलं, गप बस बाई. एवढी वर्षं गप बसलीस, आणखी एक तास बस.

"सिस्टर, मी कुठं उभी राहू?" ती पोर तिच्या मागं येऊन थांबली होती. जवळून बघितलं तर डोळ्यांखाली झोप दिसत होती.

"तुझं नाव काय गं?"

पोरीनं दाराकडं बघितलं. "साबेरा शेख."

"अगं, घरचं."

"उज्वला. अहमदपूरची हाय मी. फर्स्ट इयरला." मग आवाज खाली करून म्हणाली, "सिस्टर, ह्या मॅडम आता कुठं असतात? साबेरा मॅडम? मला कोणी विचारलं तर काय सांगू? त्यांनी नोकरी सोडली का?"

वॉर्डातल्या मावशी तुळजाबाई तिथंच फरशी पुसत होत्या. त्यांनी पोछा थांबवला. सिंधूनं काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "सोडली कशाची माय. मेली ती. काम करू करू मेली." आणि पुन्हा पुसायला लागल्या. उज्वलाचा हात नेमप्लेटवर गेला आणि तिथून लगेच खाली आला. मग ती प्लेट अंगाला टेकू नये म्हणून अ‍ॅप्रन चिमटीत धरून पुढं ओढून उभी राहिली. समिती येईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि सिंधु तिच्याकडं बघायचं टाळत होती. एवढ्याशा पोरीला आज पहिला धडा काय शिकवला आपण? मेलेल्या बाईच्या नावाला ओ द्यायची.

अकरा म्हणता साडेबाराला समिती वॉर्डात आली. तिघं होते. पुढं पांढऱ्या मिशांचे एक डॉक्टर, हातात यादी आणि पेन. माणूस वाईट वाटत नव्हता. पेशंटला हात जोडत होता, एकीच्या नातवाचं नाव विचारलं त्यानं. चौदाजणी भिंतीला लागून उभ्या होत्या, नऊ लातूरच्या आणि पाच इथल्या. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला घरी सोडलं नव्हतं, तिचे डोळे मिटत होते, आणि दुपारच्या पाळीवालीला सकाळीच बोलावून घेतलं होतं. डॉक्टर एकेक नाव वाचत, चेहरा बघत आणि नावापुढं बरोबरची खूण करत पुढं सरकत होते. सिंधूच्या नावापुढं खूण झाली. मग ते उज्वलापाशी आले.

"साबेरा शेख. किती वर्षं झाली नोकरीला?"

"अकरा वर्षं, सर," उज्वलानं पाठ केलेलं सांगितलं.

"छान. आणि वय?"

हे तिला कोणी पढवलं नव्हतं. "एकोणीस," ती म्हणाली.

मंजुषा मॅडमनी डोळे मिटून घेतले. हरिओम सर खोकले. आणि डॉक्टर, सिंधूला नंतर कितीही वेळा आठवलं तरी तेच आठवायचं, डॉक्टर हसले. एखाद्या लेकराची लबाडी सापडल्यावर मोठी माणसं हसतात तसे. मग त्यांनी पेन टेकवलं आणि साबेराच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

म्हणजे ह्यांना ठाऊक आहे. सिंधूला एवढा वेळ वाटत होतं की आपण ह्या माणसांना फसवून राहिलो, आणि त्या फसवण्याची लाज वाटत होती, भीती वाटत होती. अरे, इथं फसलेलं कोणीच नव्हतं! सगळे जाणत होते. खोटं ऐकणाऱ्यालाही ते खोटं पाठ होतं. मग भ्यायचं कोणाला आणि कशाला? तिचा आवाज आला तो इतका साधा की तिलाच नवल वाटलं.

"सर, ती खूण खोडा."

"सिस्टर," हरिओम सर म्हणाले, "तुम्ही पेशंट बघा."

"पेशंटच बघून राहिले, सर. सत्तेचाळीस हायत." ती डॉक्टरांकडं वळली. "ही साबेरा न्हाई. साबेरा मेली, तिला चौदा महिने झाले. वीस तासांची ड्यूटी करून घरी जाताना मेली, आणि ती ड्यूटी मी लावली होती. ही लिस्ट बी माझीच. चौदा महिने तिला कामावर दाखवलं ते बी मीच, ह्या हातानं. माझं जे करायचं ते करा. पण तिच्या नावापुढं बरोबर करू नका, सर. तिचं काहीच बरोबर झालं न्हाई."

डॉक्टरांचं हसू अजून मिशीत होतं. ते कुठं ठेवावं त्यांना कळेना. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?" ते हळू आवाजात म्हणाले, जणू तिला वाचवायला बघत होते. "तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. लेखी द्याल?"

"कागद द्या."

तिनं औषधांच्या ट्रॉलीवर कागद ठेवून लिहिलं. ह्या वॉर्डात खऱ्या कामाला पाच सिस्टर आहेत. पाच नावं लिहिली. नऊजणी लातूरहून आणलेल्या विद्यार्थिनी. खाली सही, तारीख, वेळ. मग मागून बारीक आवाज आला, "सर, मी उज्वला. अहमदपूरची." बाकीच्या आठजणी गप्प राहिल्या. त्यांना काय दोष द्यायचा, त्यांची हजेरी आणि मार्क ह्याच लोकांच्या हातात. डॉक्टरांनी कागदाची घडी करून फाईलमध्ये ठेवली आणि यादीतली ती खूण आडवी रेघ मारून खोडली. मग कोणाकडंही न बघता ते पुढच्या वॉर्डाकडं गेले. त्या कागदाचं पुढं काय होईल ते सिंधूला माहीत नव्हतं. फाईलीतून कागद नाहीसेही होतात. पण खूण खोडताना तिनं पाहिली होती.

आणखी बोभाटा नको म्हणून एक वाजताच लातूरची बस परत पाठवली. रात्रपाळीवाली भिंत धरत घरी गेली. दुपारच्या पाळीवालीला सकाळीच राबवल्यामुळं तीही घरी गेली होती आणि तिनं फोन बंद करून टाकला होता, आणि कोण तिला बोल लावणार? उरलेल्या दोघींना समितीपुढं उभं करायला वरच्या मजल्यावर नेलं होतं. सत्तेचाळीस पेशंट, सिंधु आणि तुळजाबाई, असा रोजचा वॉर्ड पुन्हा सुरू झाला. अडीचला हरिओम सर आले. मागून मंजुषा मॅडम. सरांनी कोट काढला होता, शर्टाला घाम होता.

"तुमचा करार संपला समजा," ते म्हणाले. "महिनाअखेर नाही, आत्ता. कार्ड गेटवर जमा करा आणि निघा. पाच मिनिटांत तुम्ही मला ह्या वॉर्डात दिसायला नको."

सकाळपासून सिंधु ह्याच वाक्याला भीत होती. आता ते आलं, आणि बघते तर काय, ऐकून ती उभीच होती. आरतीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, ते खरं. लेकीला काय सांगायचं ते रस्त्यात बघू.

"हाव, निघते," ती म्हणाली. "ओव्हर कोणाला देऊ?"

"काय?"

"ओव्हर, सर. सिस्टर वॉर्ड असा टाकून जात नसते. पुढची सिस्टर येणार, तिला बेडमागं बेड हिंडून सांगणार, हिला काय झालं, काय दिलं, काय द्यायचंय. तिनं घेतलं की मग आपण सुटलो. अठरा वर्षांत ओव्हर दिल्याबिगर मी एक दिवस बी गेले न्हाई. बोलवा कोणाला तरी."

सरांनी मॅडमकडं बघितलं. "तुम्ही घ्या."

मंजुषा मॅडमनी खाली बघितलं. त्यांनीही कधीकाळी अशा वॉर्डात पाय मोडेस्तोवर उभं राहून काढलं होतं, हे सिंधूला ठाऊक होतं. "मला वर समितीनं बोलावलंय, सर," त्या म्हणाल्या, आणि जाताना सिंधूच्या दंडाला त्यांचा हात ओझरता लागला, का मुद्दाम लागला, कोण जाणे. सरांनी फोन काढला. एक लावला, दुसरा लावला. तिसऱ्या फोनवर ते ओरडले, "अहो यादीत चौदाजणी आहेत, त्यातली एक तर पाठवा!" आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर त्यांनी फोन खिशात टाकला.

सिंधूनं टेबलावरचं ओव्हर-बुक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. वर पेन ठेवलं. "मग तुम्हीच घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हाय. चला सर. बेड नंबर एक. साखर तीनशे ऐंशी, चार वाजता इन्सुलिन. जेवणाच्या आधी, नंतर न्हाई. लिहून घ्या."

ते जातील असं तिला वाटलं होतं. पण वॉर्डातले सगळे नातेवाईक उठून उभे राहिले होते, दारात माणसं गोळा झाली होती, तुळजाबाई पोछ्याची काठी टेकून बघत होत्या. सर एक पाऊल मागं सरकले आणि मग, काय वाटलं कोण जाणे, पुढं आले. बेड दोन, ताप, दर तासाला बघायचा. बेड तीन, लघवीची पिशवी रिकामी करायची. बेड चारच्या खाली गादीवर एक, तिला नंबर नाही, हिरव्या लुगड्यावरून ओळखायचं. बेड पाच, रक्त चालू आहे, पंधरा मिनिटं हिच्याजवळून हलायचं नाही, अंगावर पुरळ आलं की लगेच बंद करायचं. सरांनी लिहिणं सोडून दिलं होतं. ते नुसते चालत होते, आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत होते.

"बेड सहा, केवळाबाई. माहूरकडच्या. दम लागतो, ऑक्सिजन चालू हाय. घाबरल्या की जास्त लागतो. सोबत कोणी न्हाई."

केवळाबाईंनी डोळे उघडले. वही धरलेला माणूस उशाशी उभा आहे म्हणजे आता आपल्याला बघणारा हाच, हे त्यांना कळलं, आणि त्यांनी सरांचं मनगट पकडलं. "बाबा," त्या मास्कमधून म्हणाल्या, "तू जाऊ नकू रे."

सरांनी हात सोडवायला बघितला. म्हातारीची पकड सुटेना.

"एवढ्यात न्हाई सोडायच्या," सिंधु म्हणाली. "दहा मिनिटं तरी धरून बसावं लागतं. आणि पाच नंबरचं रक्त बी तुम्हालाच बघायचंय."

इतक्यात वॉर्डाच्या पार त्या टोकाहून कोणीतरी हाक मारली, "सिस्टर, सलाईन संपली ओ!" सलाईन संपली की चाक फिरवून बंद करायचं, हे नातेवाईकांना सिंधूनंच शिकवलेलं होतं, त्यामुळं तशी घाई नव्हती, पण ते सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सिंधूकडं बघितलं. सिंधु जागची हलली नाही.

"जा सर," ती म्हणाली. "तुम्हाला बोलावून राहिले."